हत्तीण ज्या पाण्याला आली

भाऊजी,

तुमच्या कॉटखालची हाडं अजून तिथंच आहेत. केर काढायला येणारी बाई खाली वाकते, आत बघते आणि मग माझ्याकडे बघते. मी म्हणते, राहू दे. याच हाडांवरून मी तुमच्याशी किती वर्षं कटकट केली, ते तिनं ऐकलेलं आहे, म्हणून ती तोंड फिरवून हसते.

दुपारी खाणीत सुरुंग उडतो. आता या घरात वेळेवर होणारी तेवढीच एक गोष्ट उरली आहे. फडताळातली भांडी वाजतात आणि कॉटखाली तुमची हाडंही एकमेकांवर आपटतात. पूर्वी मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "भाऊजी, तुमची मंडळी उठली." तुम्ही म्हणायचात, "त्यांना चहा नको, वहिनी, मला द्या." परवा सुरुंग उडाला आणि तेच वाक्य माझ्या तोंडातून निघून गेलं. मग मी चहा केला आणि दोन्ही कप मीच प्यायले.

पेपरात चार ओळी आल्या. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, अविवाहित, मनमिळाऊ. मनमिळाऊ तुम्ही होतात, मी नाही म्हणत नाही. पण तुमचं मन मिळायला समोरचं जनावर मेलेलं आणि दगड झालेलं लागायचं.

आपली ओळखसुद्धा अशाच एका जनावरावरून झाली. मी नवी नवरी, यवतमाळहून वणीला आलेली. वडील कचेरीत, मी बी.ए., म्हणजे जगात कळायचं काही शिल्लक राहिलेलं नाही अशी माझी समजूत. न्हाणीत मला एक काळा दगड दिसला, वर आडव्या धारा असलेला. आमच्याकडे टाचा घासायला भाजलेल्या मातीची वज्री असायची. ही एवढी मोठी दगडी वज्री पाहून मला वाटलं, वणीकरांच्या टाचा जास्त फुटत असाव्यात. मी ती रोज वापरायला लागले. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि मग त्याही वापरायला लागल्या. सुटीत तुम्ही नागपूरच्या कॉलेजातून आलात, न्हाणीच्या दारात उभे राहिलात, आणि तुमचा चेहरा असा झाला की मला वाटलं घरात साप निघाला.

"वहिनी, ही हत्तीची दाढ आहे."

"हत्ती दाढ कशाला काढेल? आणि वणीत हत्ती कुठून आला?"

"वणीच्या आधीपासून होता."

"एवढी जुनी वस्तू मग न्हाणीत का ठेवली?"

"धुवायला ठेवली होती."

"मग मी तरी काय करत होते?"

तुम्ही दाढ उचलून छातीशी धरली. मी माझ्या मऊ टाचांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, या दिराचं लग्न जमणं कठीण आहे. माझ्या त्या वयातल्या भाकितांपैकी तेवढं एकच खरं ठरलं.

त्या संध्याकाळी अंगणात बसून तुम्ही मला ती दाढ समजावून सांगितलीत. हत्तीला दाढा एकामागून एक येतात. पुढची झिजून पडली की मागची सरकत पुढे येते. अशा ठरावीकच दाढा. शेवटची झिजली की मागून काही येत नाही, आणि मग चारा समोर असून हत्ती उपाशी मरतो. म्हणून म्हातारे हत्ती पाण्याच्या काठाला राहतात, तिथलं गवत मऊ असतं. मी म्हटलं, "म्हाताऱ्यांना मऊ भात लागतो, हे शिकायला नागपूरला जावं लागतं का?" तुम्ही हसलात. पुढं तुम्ही सांगितलंत, पैनगंगेत पाणघोडे होते, काठाला रानघोडे होते, माणूस दोन हात पसरूनही पुरणार नाही एवढ्या शिंगांचे बैल होते. मी हळदीकुंकवाला जाऊन सगळ्या बायकांना सांगितलं की आमच्या भाऊजींना नदीत पाणघोडे दिसतात. बायका इतक्या हसल्या की कुणाच्या तरी हातची तबकडी पालथी झाली. मला फार आनंद झाला होता. काय मूर्ख बाई होती हो ती. बरं झालं म्हातारी झाली.

नोकरी संपल्यावर तुम्ही त्या वळणाला लागलात. पैनगंगा बंजाऱ्यांच्या तांड्याजवळ जिथं कोपरासारखी वळते, तिथली उभी दरड. दरडीवर घरांची एक ओळ, टोकाला सुंदराबाईचं घर. तुम्ही मला पहिल्यांदा नेलंत तेव्हा तिच्या घराच्या बरोबर खाली, दरडीच्या मातीतून अर्धा जबडा बाहेर आलेला होता. त्यावर शेंदूर. पेरणीच्या आधी सुंदराबाई दरवर्षी लावायची.

ती मला याडी म्हणाली. गोरबोलीत याडी म्हणजे आई. मी म्हटलं, "या हाडाला शेंदूर कशाला गं?"

"हत्ती हाये थो. घर धरून ठेवते. इतके पूर आले, हालला का? नाई हालला."

तुम्ही तिथंच बसलात आणि जबड्याशेजारी तुमची छत्री आडवी ठेवून फोटो काढलात. हाड केवढं आहे ते फोटोत कळावं म्हणून तुम्ही नेहमी छत्री ठेवायचात. पावसात मात्र भिजत यायचात.

त्या जबड्यातली दाढ शेवटची होती. पार झिजून सपाट झालेली. जबडा लहान, म्हणून मादी असावी असा तुमचा कयास. "आजीबाई आहे, वहिनी. तुमच्यासारखी." मग तुम्ही मला दरडीतलं बाकीचं दाखवलंत. जबड्याच्या खाली काळी चिकण माती, आणि त्या मातीत पायाची हाडं, आडवी नाहीत, उभी. खांब रोवावेत तशी. तुम्ही म्हणालात, नदीनं वाहून आणलेली हाडं अशी उभी राहत नाहीत. ही जनावरं इथं चालत आली आणि चिखलात रुतली. धड वर कुजलं, पाय जागच्या जागी राहिले.

"पाणी आटत गेलं असेल," तुम्ही म्हणालात. "हत्तींच्या कळपाला म्हातारी हत्तीण नेते. तिला लहानपणीचं पाणी आठवत असतं. सगळीकडचं आटलं की ती कळपाला त्या जुन्या डोहावर आणते. हिनंही आणलं. डोह होता, पण त्यात चिखल उरला होता. ती उतरली. तिच्यामागं बाकीची उतरली."

"आणि पिल्लं?"

तुम्ही छत्रीच्या टोकानं खाली एक बारीक, उभं हाड दाखवलंत.

मला ती गोष्ट आवडली नाही. घरी येताना ऑटोत मी तुमच्याशी बोलले नाही. आजीला सगळं ठाऊक असतं या एका गोष्टीवर माझा सगळा रुबाब उभा आहे, आणि तुम्ही मला असली आजी दाखवलीत.

त्या चिकण मातीच्या वर गोट्यांचा जाड थर होता, डोक्याएवढे गोटे. तोही तुम्ही नंतर समजावलात. कोरड पडली, मग एकदम पूर आला, आणि त्यानं सगळ्यांना गाडलं. "लगेच गाडली गेली म्हणून हाडं टिकली, वहिनी. उघडी पडली असती तर उन्हानं तडकून भुगा झाला असता." तुम्हाला त्यात हाडं टिकल्याचा आनंद होता. मला मात्र त्या गोट्यांच्या थरावर, पार वर, सुंदराबाईची चूल पेटलेली दिसत होती.

या उन्हाळ्यात तुम्ही बदललात. खाण खोल गेली तसं गावोगावच्या विहिरींचं पाणी तिच्याकडे गेलं. खाणीची माती वरच्या अंगाला डोंगर होऊन नदीत सरकली. डोहाचं डबकं झालं. एका सकाळी सुंदराबाईची म्हैस पाणी प्यायला उतरली आणि पोटापर्यंत रुतली. दोर लावून, माणसं लावून तिला ओढून काढली. तुम्ही ते काठावरून पाहिलंत. घरी आलात, जेवला नाहीत. म्हणालात, "वहिनी, म्हैस नेमकी त्या पायांच्या समोर रुतली. तोच चिखल आहे. आता वरून जे येईल ते मोठं येईल. नदीला जायला जागा उरली नाही, ती दरड फाडून जाईल."

तेव्हापासून तुम्ही रोज तांड्यावर जायला लागलात. सुंदराबाईनं घर सोडावं, माळावर तिचंच शेत आहे, तिथल्या गोठ्यात जाऊन राहावं, पाऊस संपेपर्यंत तरी. ती तुम्हाला चहा द्यायची आणि ऐकून घ्यायची.

"गुरुजी, तुमी रोज येता, चहा पेता, अन् रोज घर पडन म्हंता. एखांद दिस तं चांगलं बोलत जा."

"मी पड म्हटलं म्हणून घर पडत नाही सुंदराबाई, मी फक्त सांगतो."

"हत्ती हाये ना खाली."

"हत्ती काही धरत नाही. हत्तीला कुणी धरलं नाही."

याच्यावरूनच आपलं शेवटचं भांडण झालं. तुम्ही जेवायला बसला होता आणि मी वाढता वाढता म्हटलं, "तुम्ही तिच्याशी वाद कशाला घालता? हत्ती काढा, वाजतगाजत माळावर नेऊन ठेवा. म्हणावं, हत्तीनं जागा बदलली. ती आपोआप मागं जाईल."

"आणि ते खोटं आहे, त्याचं काय?"

"घर वाचेल ना."

"वहिनी, हाड जागेवर असतं तोवर बोलतं. कोणत्या थरात आहे, कुठं तोंड करून आहे, शेजारी कोण आहे. उपटलं की मुकं होतं. विद्यापीठाची माणसं येईपर्यंत ते हलवायचं नाही."

"विद्यापीठाची माणसं एकदा येऊन, फोटो काढून, पोहे खाऊन गेलीत. पुन्हा कधी येणार?"

"आणि दुसरं," तुम्ही म्हणालात, "आज तुम्ही तिला हत्तीच्या नावानं हलवाल. उद्या लोक हत्तीच्याच नावानं अडून बसतील. माणसाला खरं सांगायचं. कितीही वेळा सांगावं लागलं तरी खरंच सांगायचं."

मी म्हटलं, "तुम्ही सांगत बसा. नदी ऐकेल."

एवढ्यावर आपलं बोलणं थांबलं. नंतर तुम्ही वरण मागितलंत आणि मी वाढलं, पण त्याला बोलणं म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही उन्हातून आलात. तांड्यावरून. पुढच्या खोलीत कॉटवर टेकलात आणि म्हणालात, "वहिनी, पाणी." मी माठातून तांब्या भरून घेऊन आले. एवढंच अंतर, स्वयंपाकघर ते पुढची खोली. तुम्ही बसलेले होतात, छत्री मांडीवर होती, डोळे दाराकडे होते. तांब्या बराच वेळ माझ्या हातात राहिला. तुम्ही पाण्यापर्यंत आला होतात, भाऊजी. मला त्या क्षणी तुमची हत्तीण आठवली आणि मी तुमच्यावर फार चिडले. असली गोष्ट मला सांगून ठेवायची काही गरज होती का?

तुमच्या अस्थी त्याच वळणावर न्यायच्या, यावर घरात दुमत नव्हतं. तुम्ही म्हणायचात, "माझी कुठंही टाका, फक्त चिठ्ठी लावा." चिठ्ठी लावली नाही. पण भाऊजी, नदीत पाणी नव्हतं. माझ्या मुलानं मडकं वाकवलं आणि अस्थी वाहिल्याच नाहीत. चिखलावर पांढऱ्या पांढऱ्या बसून राहिल्या. भटजी आमच्याकडे बघत होते, आम्ही अस्थींकडे. वर दरडीवर तांड्यातली माणसं उभी होती. कुणाला तरी काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी साडी वर खोचून खाली उतरले आणि ओल्या मातीनं तुम्हाला झाकलं. मुलगा ओरडला, "आई, रुतशील." रुतले थोडी. ओढून काढली मला. चिखलातून बाहेर येताना वर पाहिलं तर समोर तो शेंदरी जबडा, आणि त्याच्या वर सुंदराबाईच्या अंगणाच्या कडेतून खाली आलेली एक भेग. मागच्या वेळी आले तेव्हा ती भेग नव्हती. आता तिच्यात माझा हात गेला असता.

मग मी जे केलं ते तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही ओरडायला इथं नाही, म्हणूनच केलं.

मी सुंदराबाईला आणि तांड्याच्या नाईकांना सांगितलं, गुरुजींची शेवटची इच्छा होती की हत्तीला माळावर न्यावं. गुरुजी म्हणाले, हत्तीचं आता इथं काम संपलं. बोलताना माझा आवाज जराही हलला नाही. हळदीकुंकवाला पाणघोडे सांगणारी ती बाई अजून आत कुठंतरी आहे.

मात्र एक गोष्ट मी तुमच्या पद्धतीनं केली. जबड्याला हात लावू दिला नाही, आधी शेजारी तुमची छत्री आडवी ठेवली. माझ्या मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले. काहींमध्ये माझा अंगठा आला आहे, पण त्यावरूनही माप कळेल. तोंड कुणीकडे आहे ते बघून ठेवलं. पाण्याकडे. मग ओले कागद लावले, ह्यांच्या, म्हणजे तुमच्या दादांच्या, जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि प्लास्टर गुंडाळलं, जसं तुम्ही करायचात तसं. माणसांनी खालून हळूहळू माती कोरली. जबडा निघाला आणि गोधडीत घालून नाईकांच्या ट्रॅक्टरवर चढला. एका पोरानं कुठून तरी डफडं आणलं. सुंदराबाई मागून चालत होती, डोक्यावर तिची पेटी.

दरडीत जिथं जबडा होता तिथं एक भोक राहिलं. मी वाकून आत पाहिलं. आत आणखी पाय होते, भाऊजी. उभे. एकामागून एक, आत आत, मागच्या घरांच्या खाली गेलेले. नाईकांच्या घराच्या खाली. तुम्हाला ठाऊक होतं का? तुम्ही मला फक्त आजी आणि ते एक पिल्लू दाखवलं होतं.

मी नाईकांना हाक मारली. म्हटलं, "हे बघा. तुम्हीही निघा. सगळेच निघा."

नाईकांनी वाकून पाहिलं. गुडघे झाडले. म्हणाले, "याडी, हत्ती तं सुंदरीच्या घराखाली होता. थो गेला, थे बी गेली. आमच्या घराखाली हत्ती नाई, मंग आमाले कायचं भेव?"

"अहो, पाय दिसतात ना."

"थे हत्तीचे कायले होईन? म्हशीवानी दिसते."

 हत्तीनं जागा बदलली, हे मीच सांगितलं होतं. आता हत्ती कधी काही धरत नव्हता, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? तुम्ही जेवताना नेमकं हेच म्हणाला होता, आणि मी वरण वाढत होते.

माळावर सुंदराबाईनं गोठ्याच्या दाराशी जबडा ठेवला. प्लास्टरसकट. शेंदूर लावला नाही. मी विचारलं, "लावत नाहीस?"

ती हसली. "याडी, तुमी मले पागल समजता का? हाडाच्या मांगं कोनी घर सोडते?"

"मग कशाला आलीस?"

तिनं चूल मांडायला दगड शोधायला घेतले. म्हणाली, "गुरुजी रोज यायचे. आज पडन, उद्या पडन. मले वाटे, सांगनारा हाये तवरी काई होत नाई. मंग सांगनाराच गेला. त्या दिसापासून मले झोप नाई."

तर असं आहे. माझं खोटं तिनं ऐकलं आणि बाजूला ठेवलं. ती तुमच्या खऱ्यावर आली. माझ्या खोट्यानं हलले ते फक्त नाईक, आणि तेही उलट्या बाजूला, घरातच आणखी घट्ट बसले. एवढं वय झालं तरी मला तुमच्याशी भांडणात जिंकता आलं नाही, आणि आता तर तुम्ही समोरही नाही की मी रुसून बसावं.

मी गोठ्यापाशी बसले होते. तिनं बोरिंगचा दांडा हापसला. आतून नुसती गरम हवा आली, कुणीतरी धापा टाकावं तशी. पुन्हा हापसला. मग तिनं पाण्याचा गुंड उचलला, म्हशी सोडल्या आणि उताराला लागली. खाली, वळणाकडे. दुसरं पाणीच नाही. म्हशी एका ओळीत चालत होत्या, सगळ्यांत पुढं तीच म्हातारी म्हैस, जी उन्हाळ्यात रुतली होती. तिला वाट कुणी दाखवली नाही. मी माळावरून बघत राहिले. मी तिला घरातून हलवलं, पण पाण्यावरून नाही हलवलं. मी कुठं आणली हिला, हे मला अजून समजत नाही. तुमच्या हत्तिणीलाही शेवटपर्यंत वाटलं असेल की ती बरोबर चालली आहे.

खालच्या घरांतून धूर निघत होता. पलीकडं नदीच्या वरच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं, तिकडं कुठंतरी पाऊस लागून पडत असावा. इकडं वारासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी नाईकांकडे गेले. त्यांनी चहा दिला. मी म्हटलं, "नाईक, त्या दिवशी मी खोटं बोलले. हत्ती काही धरत नव्हता. दरड पडणार आहे. पाणी वरच्या अंगाला भरतंय."

नाईक बशीत चहा ओतत म्हणाले, "घ्या. गुरुजी गेले तं आता याडी आली."

"हो. आणि उद्याही येणार आहे."

"कायले येता इतक्या लांबून?"

"सांगायला."

ते हसले. त्यांची बायको मात्र हसली नाही. ती अंगणातल्या भेगेकडे बघत होती, जी परवापर्यंत सुंदराबाईच्या अंगणात संपायची.

भाऊजी, ऑटोवाला म्हणतो, आजी, रोज रोज कुठं जाता, ऊन केवढं आहे. मी त्याला म्हणते, छत्री आहे माझ्याकडे.

ती तुमची छत्री मी ठेवून घेतली आहे. मागायला येऊ नका.